आसन आहे, मत नाही

नगरपालिकांच्या संघटनेवर अग्रलेख कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात येईल. संसद, विधानसभा, न्यायालय यांच्याविषयी आपण आस्थेने वाचतो. नगरपालिका म्हटली की घरपट्टीची पावती आणि तुंबलेले गटार एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु महाडचे चवदार तळे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव १९२४ साली केला तो नगरपालिकेने, आणि १९२७ साली, सत्याग्रहानंतर काही महिन्यांतच, तो रद्द केला तोही त्याच नगरपालिकेने. माणसाच्या ओंजळीतील पाणी अशा ठरावांच्या वहीत अडकलेले असते. तेव्हा त्या वहीचे धनी एकत्र येऊन राष्ट्राच्या दरबारात बोलू लागले तर काय होते, हे पाहणे आपणांस परके वाटू नये.

असा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला आहे. तेथे वर्णभेदाच्या राजवटीत शहरांची कायद्यानेच फाळणी केलेली होती. १९५० च्या वस्तीविभागणी कायद्याने प्रत्येक वर्णाची वस्ती निराळी ठरली. सोवेटोचा मनुष्य जोहान्सबर्गच्या कारखान्यात राबे, बाजारहाटही पुष्कळसा तेथल्याच दुकानांत करी; मात्र त्या कारखान्यांचा व दुकानांचा कर गौरवर्णीयांच्या नगरपालिकेच्या तिजोरीत पडे. १९८२ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना स्वतःच्या नगरपालिका देण्यात आल्या खऱ्या, पण उत्पन्नाचे साधन काय, तर गरिबांच्याच घरांचे भाडे! ते वाढविताच ३ सप्टेंबर १९८४ रोजी व्हाल भागात उठाव झाला, आणि १९८६ पासून सोवेटोने भाडे भरणेच थांबविले. 'एक शहर, एक करतिजोरी' ही त्या लढ्याची मागणी होती. घोषणा लहान, पण तिच्यात संपूर्ण राज्यशास्त्र सामावलेले आहे, असे मला वाटते.

ह्या इतिहासामुळेच १९९६ ची राज्यघटना लिहिताना तेथील घटनाकारांनी नगरपालिकेला प्रांताची मोलकरीण ठेवले नाही. राष्ट्र, प्रांत आणि स्थानिक संस्था अशी शासनाची तीन अंगे त्यांनी मानली. १९९८ साली, जोहान्सबर्गच्या करआकारणीविरुद्ध काही कंपन्यांनी आणलेल्या खटल्यात, तेथील संविधान न्यायालयाने स्पष्टच म्हटले की लोकनियुक्त नगरपालिका जेव्हा कर बसविते तेव्हा ती कायदेमंडळाचे कार्य करीत असते. साहेबाच्या कचेरीतील हुकूम आणि तिचा ठराव यांस एका मापाने मोजता येणार नाही.

ज्या एका कलमाकरिता मी हा लेख लिहीत आहे ते १६३ वे कलम होय. नगरपालिकांच्या राष्ट्रीय व प्रांतिक संघटनांना मान्यता देणारा कायदा संसदेने केलाच पाहिजे, असा त्यातील आदेश आहे. तो कायदा १९९७ साली झाला आणि १९९६ मध्ये स्थापन झालेली 'साऊथ आफ्रिकन लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन', संक्षेपाने 'साल्गा', ही राष्ट्रीय संघटना म्हणून मान्य झाली. आरंभी त्या देशात आठशेंहून अधिक संक्रमणकालीन नगरपालिका होत्या. २००० साली त्या २८४ उरल्या, आणि २०१६ पासून त्या २५७ आहेत. त्या सर्वांच्या वतीने साल्गा बोलते.

कोठे बोलते? नऊ प्रांतांचे प्रत्येकी दहा असे नव्वद प्रतिनिधी ज्या वरिष्ठ सभागृहात बसतात, तेथे ६७ व्या कलमान्वये नगरपालिकांच्या संघटनेचे दहापर्यंत प्रतिनिधी बसू शकतात. त्यांस भाषण करता येते. मत मात्र देता येत नाही. शिवाय राष्ट्राचा महसूल कोणास किती वाटावा याविषयी सल्ला देणाऱ्या वित्त आयोगाच्या नऊ सभासदांपैकी दोन या संघटनेच्या यादीतून निवडले जातात.

मताविना आसन म्हणजे दारातल्या पाहुण्याला दिलेली घोंगडी, असे कोणी म्हणेल. वकिलीच्या व्यवसायात एवढी वर्षे काढल्यावर मला तसे वाटत नाही. सुनावणीचा हक्क हा निकालाच्या हक्काइतका मोठा नसला तरी त्याचे मोल क्षुल्लक नव्हे. जो बोलला ते नोंदले गेले, आणि नोंदलेले शब्द पुढे न्यायालयात उभे राहतात. उलट, आपल्याकडील व्यवस्था पाहा. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात. म्हणजे आपल्या नगरसेवकाला मत आहे. पण निवडून गेलेला आमदार पक्षाचा असतो, नगरपालिकेचा नसतो. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी आपणांस राखीव जागा दिल्या, नियमित निवडणुकीची हमी दिली. ग्रामपंचायती व नगरपालिकांनी संघटितपणे राष्ट्रापुढे बोलावे अशी तरतूद मात्र त्यांत नाही. तेथे संस्थेला आसन आहे आणि मत नाही. येथे सभासदाला मत आहे आणि संस्थेला आसन नाही.

तथापि वाचकहो, कायद्याचे कलम वाचून हुरळून जाऊ नये. साल्गा बोलते ती नगरपालिकांच्या वतीने. नगरपालिका म्हणजे नागरिक नव्हेत. तिचा खर्च मुख्यतः सभासद नगरपालिकांच्या वर्गणीवर चालतो, आणि ज्याची वर्गणी त्याचे वाभाडे काढणे कोणत्याही संघटनेला जड जाते. २०२२–२३ च्या हिशेबतपासणीत २५७ पैकी अवघ्या ३४ नगरपालिकांचे हिशेब निर्दोष ठरले. तिजोरी एक झाली. ती नीट सांभाळली गेली, असे म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या पुष्कळ घरांच्या काळजाला भिडणारी आहे. हीच साल्गा नगरपालिकांची मालक-संघटनाही आहे. मालक-कामगार वाटाघाटींच्या राष्ट्रीय मंडळात एका बाजूस ती बसते आणि दुसऱ्या बाजूस कामगारांच्या संघटना, म्हणजे 'साम्वू' व 'इमाटू'. कचरा उचलणाऱ्याची, गटारात उतरणाऱ्याची पगारवाढ त्या टेबलावर ठरते. सकाळी सभागृहात गरीब वस्तीच्या पाण्यासाठी अनुदान मागणारी संघटना दुपारी त्याच वस्तीतल्या कामगाराला पगारवाढ परवडत नाही असे सांगू शकते! दोन्ही ठिकाणी ती आपल्या सभासदांशी प्रामाणिकच असते, हे विसरू नये. ह्या पद्धतीचा लाभही मोठा आहे: करार सर्व देशाला लागू होत असल्याने लहान गावचा झाडू कामगार आपल्या नगराध्यक्षापुढे एकटा पडत नाही. पण करार झाला म्हणजे पैसे हातात पडले असे नव्हे. २०२३ साली ट्श्वाने महानगरपालिकेने तिजोरीत पैसा नसल्याचे कारण सांगून ठरलेल्या वाढीतून सूट मागितली आणि कामगार संपावर गेले.

सार्वजनिक कामांच्या योजनेखाली थोड्या मुदतीसाठी घेतलेल्या मजुराचे वेतन तर निराळ्याच नियमाने ठरते. तोही तोच रस्ता झाडतो. आपल्याकडे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ज्यांची नावे आहेत, त्यांस हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. वाटाघाटीच्या त्या टेबलाच्या कोणत्याच बाजूला त्याची खुर्ची मांडलेली नाही.