राष्ट्रकुलाची पाटीलकी

माननीय शर्ली बॉचवे,
सरचिटणीस, राष्ट्रकुल सचिवालय, लंडन



तुमच्या संस्थेच्या इंग्रजी नावात सामायिक संपत्ती आहे. मराठीत आम्ही तिला राष्ट्रकुल म्हणतो. कुल म्हटलं की कर्ता आला आणि कर्ता म्हटला की त्याच्या पाठीमागे थोरला मुलगा. शब्द घडवणाऱ्यानं नेमकी नस पकडली.

१९४९ च्या एप्रिलमध्ये आठ देशांचे नेते लंडनला बसले ते भारतामुळे. आम्ही प्रजासत्ताक होणार होतो, पण नेहरूंना राष्ट्रकुल सोडायचं नव्हतं. तोवर राजनिष्ठा ही सभासदत्वाची अटच होती. मग तिथल्या घोषणेतून तोड निघाली: राजा हा स्वतंत्र राष्ट्रांच्या स्वेच्छेनं एकत्र येण्याचं प्रतीक आणि म्हणून राष्ट्रकुलाचा प्रमुख. राजाच्या वारसाबद्दल त्या घोषणेत चकार शब्द नाही. १९५२ साली एलिझाबेथ राणी झाल्या तेव्हा नेहरूंनीच त्यांचं प्रमुख म्हणून स्वागत केलं. पायंडा आमच्याच हातून पडला, हे कबूल.

पण २०१८ चं काय? लंडनच्या परिषदेत राणीनं आपल्यानंतर चार्ल्सनं हे काम पुढे न्यावं, अशी इच्छा भर सभेत बोलून दाखवली. दुसऱ्या दिवशी नेत्यांनी ते ठरवूनही टाकलं. पद वंशपरंपरागत नाही, असं तुमच्याकडचे लोक आवर्जून सांगतात. आईनं शब्द टाकावा आणि मुलाला गादी मिळावी, याला आमच्या गावात दुसरं नाव आहे.

आमच्याकडे पाटीलकी अशीच चाले. गावात कर्तबगार कोण हा प्रश्नच नसे. पाटलाच्या पोटी कोण आलं, एवढंच पाहायचं. १९६२ साली महाराष्ट्रानं कायदा करून महसुली पाटलाचं पद मोडीत काढलं. वाडे राहिले, आडनाव राहिलं, पोळ्याला मानाचा बैल कुणाचा यावरून अजून रुसवेफुगवे होतात. गावाचा कारभार मात्र निवडून आलेला सरपंच पाहतो.

तुमच्या ५६ सभासदांपैकी ३६ प्रजासत्ताकं आहेत, चार्ल्स राजे आहेत ते फक्त १५ देशांचे. रवांडा, मोझांबिक, गॅबन, टोगो हे तर इंग्रजांचे अंकित नव्हतेच. ते आपणहून आले. या घराण्याचं ते काय देणं लागतात? पदाला अधिकार नाहीत, मग वाद कशाला, असं कुणी म्हणेल. अधिकार नाहीत म्हणूनच ते फिरतं ठेवायला अडचण नसावी. तुम्हाला स्वतःला समोआत सभासदांनीच निवडलं, तेही चार वर्षांसाठी.

राष्ट्रकुल सोडा म्हणणाऱ्यांतला मी नाही. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा आमचा एखादा कोल्हापूरचा विद्यार्थी तिथल्या संसदेसाठी मत देऊ शकतो. तिथे तीस वर्षं काढलेल्या जर्मनाला नागरिकत्व घेतल्याशिवाय ते मत देता येत नाही. असल्या गोष्टी टिकाव्यात.

२०२६ ची परिषद अँटिग्वा आणि बार्ब्युडात आहे. तिच्या विषयपत्रिकेवर एवढं घ्या: चार्ल्स यांच्यानंतर कोण हे नव्हे, ते कसं ठरवायचं हे. वेळ आल्यावर घाईनं ठरवाल, तर पुन्हा त्याच घरातलं नाव निघेल.

आपला,
एका सभासद देशाचा नागरिक