हस्तलिखिताचा कागद आणि आमची ऐपत

'कादंबरी बॉन्ड पेपरवरच पाठवा, एकाच बाजूला छापून पाठवा' अशी अट घालणाऱ्या प्रकाशकांना आमचा सरळ सवाल आहे : आपणांस कादंबरी वाचायची आहे की लेखकाची ऐपत तपासायची आहे?

हा सवाल आम्ही गंगाखेडहून करीत आहोत. आमच्यात कोणी शिक्षक आहे, कोणी शिलाई मशीन चालवतो, कोणी टेम्पो. रात्री जागून बाड तयार होते, पुण्या-मुंबईला जाते आणि काही महिन्यांनी एका ओळीचे उत्तर येते : 'नियमानुसार पाठवावे.' आत काय लिहिले आहे, याबद्दल चकार शब्द नाही.

हिशेब पाहा. तीनशे पानांची कादंबरी १०० जीएसएमच्या ए-फोर बॉन्डवर एका बाजूला छापली, तर बाड पावणेदोन किलोच्या वर जाते. तीच ७५ जीएसएमच्या साध्या ए-फोरवर पाठपोट छापली, तर सातशे ग्रॅम भरते. कागदाचा खर्च वेगळा, टपालाचा वेगळा. शिवाय एक प्रत एकाच प्रकाशकाकडे जाते आणि बहुधा परत येत नाही.

एका बाजूची अट मुळात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या सोयीची होती. समोर पान ठेवून तो अक्षर लावी. मागची शाई फुटली की त्याची नजर चुके. आता खिळे गेले, कंपोझिटर गेले, अट मात्र राहिली. हाताने लिहिलेल्या बाडाला ती आजही रास्त आहे, कारण शाई पाझरते. ते आम्ही मान्य करतो. पण संगणकावर छापलेल्या बाडाला कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये परिपत्रक काढून दाव्यांच्या कागदपत्रांसाठी किमान ७५ जीएसएमचा ए-फोर कागद आणि पाठपोट छपाई ठरवून दिली. ज्या कागदावर देशाचा न्याय होतो, त्यावर कादंबरी वाचता येत नाही काय?

आमच्या लिहित्या मित्रांनाही दोन शब्द. भारी कागदाने कच्ची कादंबरी पिकत नाही. लीगल कागद घेऊ नका. तो ३५६ मिलिमीटर लांब, ए-फोर २९७. फायलीबाहेर लोंबतो, कडा दुमडतात, साध्या स्कॅनरच्या काचेवर मावत नाही. वर्तमानपत्री कागदही नको, तो लवकर पिवळा पडतो. गुळगुळीत चमकदार कागदावर पेनाने दुरुस्ती करता येत नाही. साधा पांढरा ए-फोर घ्या, डावीकडे समास सोडा, प्रत्येक पानावर क्रमांक टाका. एक प्रत घरी ठेवा.

कागदाची पारख आम्हांला कोणी शिकवू नये. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्या कुटून, लगदा गाळून, खळ लावून, घोटून कागद करणारे कागजी मुसलमानच होते. त्यांच्या कागदावर शतकानुशतके दफ्तरे लिहिली गेली. आज त्याच मराठवाड्यातल्या लेखकाला कागदावरून दारात अडवले जाते, याची खंत वाटते.

म्हणून मागणी एकच. प्रकाशकांनी आपली अट छापील स्वरूपात जाहीर करावी, तीत साधा ए-फोर आणि पाठपोट छपाई मान्य करावी, आणि नकार द्यायचाच असेल तर निदान पहिली पन्नास पाने वाचून द्यावा. मजकूर वाईट असेल तर तसे स्पष्ट कळवा. ते ऐकून घ्यायची आमची तयारी आहे.