आत्म्याचे खरेदीखत

सैतानाला आत्मा विकण्याची कथा युरोपाने चारशे वर्षांहून अधिक काळ गंभीर मुद्रेने सांगितली आहे, आणि ज्या ज्या वेळी कोणी ती हसत सांगू लागला त्या त्या वेळी रसिकांनी तिला थोर शोकांतिकेचे हलके रूपांतर समजून बाजूला सारले आहे. हा पंक्तिप्रपंच मला अन्यायाचा वाटतो. मनुष्य स्वतःच्या इच्छेलाच नीट ओळखत नसतो आणि म्हणून ती पुरविण्याचे वचन देणारा कोणीही त्याला सहज नागवू शकतो, हा जो या कथेचा खरा गाभा, तो शोकांतिकेपेक्षा प्रहसनात अधिक स्वच्छ दिसतो, असे माझे मत आहे. आणि त्याचा सर्वांत सबळ पुरावा म्हणून स्टॅन्ली डोनन यांनी दिग्दर्शित केलेला १९६७ सालचा ‘बिडॅझल्ड’ हा इंग्रजी चित्रपट मी वाचकांपुढे रुजू करीत आहे.

मूळ दस्तऐवज जुना आहे. १५८७ साली फ्रांकफुर्ट येथे योहान श्पीस या मुद्रकाने डॉक्टर फाउस्टची हकीकत छापली. तीत हा विद्वान स्वतःच्या रक्ताने कबुलायत लिहून देतो आणि चोवीस वर्षांच्या मुदतीने पिशाच्चाची चाकरी पदरात पाडून घेतो. पुढे क्रिस्टोफर मार्लो या इंग्रज नाटककाराने तीच हकीकत रंगभूमीवर आणली, आणि ग्योथेने पहिला भाग १८०८ मध्ये प्रसिद्ध करून व मरणोत्तर १८३२ मध्ये निघालेला दुसरा भाग मागे ठेवून तिला तत्त्वचिंतनाच्या उंचीवर नेले. परंतु मार्लोचे नाटक मन लावून वाचणाराला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. ज्याने विश्वाचे ज्ञान आणि भूमंडळाचे स्वामित्व मिळावे म्हणून आत्मा गहाण टाकला, तो फाउस्टस हाती आलेल्या वर्षांत करतो काय, तर रोममध्ये अदृश्य होऊन पोपच्या ताटातले पदार्थ पळवितो आणि एका गरोदर डचेसचे डोहाळे पुरविण्यासाठी ऐन जानेवारीत द्राक्षे आणवून देतो. हे हास्यप्रवेश मार्लोच्या हातचे नसून दुसऱ्या कोणी घुसडले असावेत, अशी शंका अनेक पंडितांनी घेतली आहे. कर्तृत्वाचा तो वाद काहीही असो, त्या द्राक्षांच्या घोसात सगळ्या सौद्याचे मोल उघडे पडते. अमर्याद सत्ता मिळालेल्या माणसाला मागण्याजोगे काही सुचू नये, ही गोष्ट भयंकर आहे, आणि ती मार्लोच्या नाटकातही हसवूनच सांगितली गेली आहे.

डोनन यांच्या चित्रपटात द्राक्षांच्या जागी रास्पबेरीची आइसकँडी येते. स्टॅन्ली मून हा लंडनमधल्या ‘विम्पी’ उपाहारगृहात तव्यावर बर्गर भाजणारा, बुजरा, अंगाने ठेंगणा तरुण; तेथेच ऑर्डरी घेणाऱ्या मार्गारेट स्पेन्सरवर त्याचे प्रेम आहे आणि तिच्याशी दोन शब्द बोलण्याचेही त्याला धैर्य नाही. निराशेच्या भरात जीव देण्याचा त्याचा प्रयत्नही फसतो, आणि त्याच क्षणी खोलीत काळा चष्मा व झगा घातलेला एक शिष्ट गृहस्थ, जॉर्ज स्पिगट, अवतीर्ण होऊन सांगतो की मी सैतान आहे आणि आत्म्याच्या बदल्यात तुझ्या सात इच्छा पुऱ्या करीन. स्टॅन्लीची भूमिका डडली मूर यांनी व सैतानाची पीटर कुक यांनी केली आहे. कथा दोघांची, पटकथा कुक यांची आणि संगीत मूर यांचे. हे दोघे १९६० साली एडिंबरो येथे ‘बियाँड द फ्रिंज’ या कार्यक्रमात प्रथम एकत्र गाजले आणि पुढे दूरचित्रवाणीवर त्यांची जोडी घरोघर पोचली, त्यामुळे एकाने ऐटीत शब्द फेकावा आणि दुसऱ्याने गोंधळून तो झेलावा, हा त्यांचा खेळ येथे रंगभूमीच्या तालमीतून आलेला आहे.

सैतान खरा की खोटा याची परीक्षा म्हणून स्टॅन्ली ती आइसकँडी मागतो. आता शक्तिमान सैतानाने काय करावे? विजेचा लोळ नाही, धूर नाही. तो स्टॅन्लीला बसमध्ये बसवून दुकानात नेतो, सहा पेन्सचे नाणे त्याच्याचकडून उसने घेतो, आणि कँडी विकत घेऊन त्याच्या हाती ठेवतो. प्रेक्षक या ठिकाणी खळखळून हसतो आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतो, जसा स्टॅन्लीही वळतो. आणि कथेच्या शेवटी, सहा वेळा तोंडघशी पडलेला हा जीव सातव्या इच्छेवर भिस्त ठेवून सुटकेची वाट पाहू लागतो, तेव्हा त्याला हिशेब दाखविला जातो की पहिली इच्छा त्या कँडीतच खर्ची पडली होती. ज्या पैशाने आत्म्याचा पहिला हप्ता गेला तो पैसाही विकणाराच्याच खिशातला होता. साटेखतावर सही करताना इसाऱ्याची रक्कम खरेदीदाराने आपल्याकडूनच उसनी घेतली, हे ज्याच्या ध्यानात आले नाही त्याने पुढची कलमे काय वाचली असतील, हा प्रश्न पटकथेने एकदाही उच्चारलेला नाही, आणि तरीही तो संपूर्ण चित्रपटभर आपल्या मागे लागतो.

इच्छांचा क्रम पाहा. मार्गारेटवर छाप पडावी म्हणून स्टॅन्ली वक्तृत्वसंपन्न पंडित होतो, आणि ती त्याच्या विचारांवर लुब्ध होऊन स्वातंत्र्याच्या गप्पा मारते, पण तो जवळ सरकताच किंचाळू लागते. तो कोट्यधीश होतो, मार्गारेट त्याची पत्नी होते, आणि तिचा सारा शृंगार नवऱ्याखेरीज इतरांच्या वाट्याला जातो. तो लोकप्रिय गायक होऊन प्रेमाची आर्त याचना करीत मंचावर तडफडतो, आणि लगेच त्याच्यामागून सैतान स्वतः गायक बनून येतो, निर्विकार एकसुरी आवाजात श्रोत्यांना झिडकारतो, आणि त्याच क्षणी सगळ्या पोरी स्टॅन्लीला विसरून त्याच्याकडे धावतात. शेवटी शहरापासून दूर, शांत जागी, मार्गारेटच्या सान्निध्यात अखंड प्रेमाचे जीवन हवे, असा चोख मसुदा तो तयार करतो. सारे काही मिळते, फक्त दोघेही एका मठातल्या जोगिणी झालेले असतात, कारण आपण पुरुष असावे हे लिहिण्याचे राहून गेले. प्रत्येक वेळी सैतान शब्दाला जागतो. कराराचा भंग त्याच्याकडून एकदाही होत नाही, आणि त्यामुळे फिर्याद कोणाकडे न्यावी, हा प्रश्नच उरत नाही.

मराठी वाचकाला येथे हिरण्यकशिपू आठवेल. त्यानेही दिवसा नाही व रात्री नाही, घरात नाही व बाहेर नाही, मनुष्याकडून नाही व पशूकडून नाही, असा पक्का बंदोबस्त करून घेतला होता, आणि त्या बंदोबस्तातली फट शोधूनच नरसिंह उंबरठ्यावर संध्याकाळी प्रकटला. पण दोन्ही कथांतला भेद मूलगामी आहे. आपल्या पुराणात वर देणारा ब्रह्मदेव निष्कपट असतो, मागणारा उन्मत्त असतो, आणि शब्दांतली फट ईश्वराच्या उपयोगी पडून प्रल्हादाचे रक्षण करते. येथे मागणारा निरुपद्रवी, देणारा कपटी, आणि फट त्याच्या दफ्तरात आधीच नोंदवून ठेवलेली. तपश्चर्येने मिळालेल्या वरात निदान मागणाराने काही भोगलेले असते. विकत घेतलेल्या इच्छेत तेवढेही नसते, आणि म्हणून स्टॅन्लीची मागणी दर वेळी उसन्या वर्णनांनी भरलेली असते: पंडित, धनिक, गायक ही माणसे त्याने कोठे तरी पाहिली आहेत, तो स्वतः कोण आहे हे मात्र त्याने कधी पाहिलेले नाही. मार्गारेटही त्याला ठाऊक नाही. एलिनॉर ब्रॉन यांनी प्रत्येक इच्छेत वेगळीच मार्गारेट उभी केली आहे, कधी उत्सुक, कधी थंड, कधी अपराधाच्या जाणिवेने पिळवटलेली, आणि त्या साऱ्या मार्गारेटी सैतानाच्या कारखान्यातून निघालेल्या आहेत. खरी मार्गारेट त्या वेळी दुसरीकडेच असते. ब्रॉन यांच्या या कामाची वाखाणणी व्हावी तितकी झालेली नाही, कारण जाहिरातींनी सारा प्रकाश सात महापापांपैकी विषयवासनेच्या लहानशा भूमिकेतील रॅकेल वेल्श यांच्यावर टाकला.

कुक यांच्या सैतानाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. तो कळकट नाइटक्लबमध्ये कारभार चालवितो, सात महापापे त्याच्या नोकरीत आहेत, आणि स्वतः तो दिवसभर बारीकसारीक खोड्यांत गुंतलेला असतो: ॲगाथा ख्रिस्ती यांच्या रहस्यकथांची शेवटची पाने फाडावी, नव्या ध्वनिमुद्रिकांवर चरे ओढावे, असली ही कामे. आत्मा एका मोठ्या पातकाने एकदम नष्ट होतो ही कल्पना जुन्या युरोपाची. रोजच्या चिडचिडीने, किरकोळ मनस्तापाने, कोणाचे तरी पान फाटले म्हणून दुसऱ्या कोणावर ओरडण्याने तो कणाकणाने झिजतो, हे निदान या चित्रपटाने केलेले आहे, आणि महानगरात राहणाऱ्या कोणत्याही वाचकाने ते आपल्या आजच्या दिवसाशी ताडून पाहावे.

या सैतानाची कैफियतही ऐकण्यासारखी आहे. स्वर्गातून तुला का काढले, असे स्टॅन्ली विचारतो, तेव्हा तो रस्त्यावरच्या लाल टपालपेटीवर चढून बसतो, मी ईश्वर आहे असे समज म्हणतो, आणि स्टॅन्लीला आपल्याभोवती नाचत स्तुती गायला लावतो. ठेंगणा मूर उड्या मारीत गुणगान करतो, दमतो, कंटाळतो, आणि अखेर, आता थोडा वेळ जागा बदलू या का, असे विचारतो. मलाही नेमके असेच वाटले होते, असा सैतानाचा निर्वाळा. लूसिफरच्या पतनाचे इतके संक्षिप्त आणि इतके सहानुभूतीचे स्पष्टीकरण मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मत्सर आणि मद यांचा जन्म दुष्टपणातून न होता कंटाळ्यातून होऊ शकतो, हा विचार एखाद्या धर्मग्रंथाने मांडला असता तर त्यावर भाष्ये झाली असती.

शेवट तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने कठोर आहे. ईश्वर आणि सैतान यांच्यात १०० अब्ज आत्मे आधी कोण गोळा करतो याची पैज लागलेली असते. जॉर्जची बेरीज पुरी होते, आणि स्वर्गात परतण्याच्या आनंदात तो औदार्याने स्टॅन्लीचा आत्मा परत करतो. स्वर्गाच्या दाराशी मात्र त्याची दरखास्त नामंजूर होते, कारण ते सत्कृत्य त्याने स्वतःच्या मोठेपणासाठी केलेले होते. म्हणजे स्टॅन्ली वाचला तो स्वतःच्या पुण्याने नव्हे, चातुर्याने नव्हे. दुसऱ्याच्या अशुद्ध हेतूच्या दानाने. संतापलेला सैतान मग पृथ्वी विम्पी बर्गर, काँक्रीट, मोटारी, जाहिराती आणि प्लास्टिकची फुले यांनी झाकून टाकण्याची प्रतिज्ञा करतो, आणि ती किती तडीस गेली आहे हे पाहण्यासाठी खिडकीबाहेर नजर टाकणे पुरे. इकडे स्टॅन्ली पुन्हा तव्यापाशी उभा राहतो आणि कोणत्याही करारावाचून, स्वतःच्या तोंडाने, मार्गारेटला जेवायला येतेस का म्हणून विचारतो. त्या दिवशी तिला सवड नसते; दुसऱ्या एखाद्या दिवशी जमेल, असे ती म्हणते. सात इच्छांनी मिळाली नाही एवढी प्राप्ती त्या एका साध्या उत्तरात आहे.

२००० साली हॅरल्ड रॅमिस यांनी सॅन फ्रान्सिस्कोत घडणारी याच नावाची नवी आवृत्ती काढली. ब्रेंडन फ्रेझर नायक आणि एलिझाबेथ हर्ली सैतान. तीत कँडीच्या जागी बर्गर आणि कोक येतो आणि पैसे पुन्हा नायकच देतो, इथवर ठीक; परंतु अखेरीस नायक प्रेयसीच्या सुखासाठी निःस्वार्थ इच्छा करतो आणि त्या सत्कृत्यामुळे करार रद्दबातल ठरतो, अशी सोय कलमांतच करून ठेवलेली आहे. हा शेवट सद्भावनेचा असला तरी मला तो पूर्ण नामंजूर आहे. चांगले वागलास की दस्त रद्द, असे सैतानाचेच कलम असेल तर सैतान हा शाळामास्तर झाला आणि आत्मा ही बक्षिसाची वस्तू झाली. १९६७ च्या पटकथेने नायकाला एवढे श्रेय घेऊ दिले नाही, आणि तेथेच तिची प्रगल्भता आहे. स्वतः डोनन यांनी जॉर्ज ॲबट यांच्यासह १९५८ साली ‘डॅम यांकीज’ हा बेसबॉलवेड्या प्रौढाच्या सौद्याचा संगीतपट केला होता, त्यातही सुटकेचे कलम आरंभीच लिहून घेतलेले आहे. नऊ वर्षांनंतर त्याच दिग्दर्शकाने ती पळवाट बुजविली, हे लक्षात घेतले पाहिजे.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. मध्यंतरानंतर एकदोन इच्छा लांबतात, एका इच्छेत स्टॅन्ली माशी होतो तो प्रसंग कल्पनेत जितका चांगला तितका पडद्यावर नाही, आणि काही कोट्या त्या काळच्या इंग्रज प्रेक्षकालाच कळाव्यात अशा आहेत. तरीही आमच्या चित्रपट मंडळांकडे माझी एक मागणी आहे. मुर्नाऊ यांचा १९२६ सालचा ‘फाउस्ट’ हा मूकपट अभिजात म्हणून आदराने दाखविला जातो, आणि तो आदर योग्यच आहे. पुढच्या वेळी त्याची तारीख ठरेल तेव्हा त्याच संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘बिडॅझल्ड’ घालावा, मूकपट आधी आणि हा नंतर, आणि दोहोंच्या परिचयाला सारखीच जागा द्यावी.