वेळापत्रक पुण्याचं, ऊन सिंदेवाहीचं

उन्हाळी सुट्टीत मुलांनी अभ्यास करायचा की आराम, हा प्रश्न दरवर्षी एप्रिलमध्ये निघतो. उत्तरंही ठरलेलीच. छंदवर्ग लावा, मोबाईल कमी द्या, रोज दोन पानं वाचून घ्या. हीच उत्तरं घेऊन सिंदेवाही तालुक्यातल्या जंगलालगतच्या एखाद्या गावात जाऊन बघा. तिथे मुलाच्या सुट्टीवर आधी ऊन, जंगल आणि घरचं काम हक्क सांगतात. पुस्तक आणि झोप यांचा नंबर त्यानंतर लागतो.

उन्हाचंच घ्या. २०२५ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या परीक्षांचं राज्यभर एकच वेळापत्रक काढलं, ८ ते २५ एप्रिल. परीक्षा लवकर उरकली की मुलं शाळेत येणंच सोडतात, असं त्यामागचं कारण. ते अगदीच चुकीचं नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरायला हवी. पण परिषदेचं कार्यालय पुण्यात, आणि त्याच एप्रिलमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. विदर्भाला सवलत मिळाली, ती सुट्टीच्या दुसऱ्या टोकाला. बाकी राज्यात शाळा १६ जूनला उघडल्या, आपल्याकडे २३ जूनला. म्हणजे पेपर ऐन उन्हात द्यायचे आणि भरपाई पाऊस तोंडावर आल्यावर घ्यायची! दमलेलं मूल सुट्टीत शिरतं, ते असं.

मग मे महिना. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा, पण त्या पैशांवर घरातली बरीच गणितं अवलंबून असतात. आईवडील पहाटे जंगलात जातात. घरी राहतात ती मुलं लहान भावंडांना सांभाळतात, पाणी भरतात, दुपारी पुडे बांधायला बसतात. एका पुड्यात ७० पानं. सावलीत बसून आजीबरोबर पुडे बांधणं यात मला वाईट काही दिसत नाही. मोजणी तिथेही शिकता येते, आणि गप्पाही होतात. प्रश्न पहाटेच्या जंगलाचा आहे. १० मे २०२५ ला याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. एकाच दिवशी. त्यानंतर 'सुट्टीत मुलांना निसर्गात पाठवा' हा सल्ला इथे कोणत्या तोंडाने द्यायचा, सांगा.

कायदा काय म्हणतो? बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावायची मुभा दिली, काम धोकादायक नसेल तर. आता वाघाचा वावर असलेल्या जंगलात पानं तोडणं धोकादायक आहे की नाही, हे ठरवायला कायद्याचं पुस्तक उघडायची गरज नाही. पण पोटासाठी जाणाऱ्या घराला नुसतं 'मुलांना नेऊ नका' सांगून भागतही नाही. मुलांना त्या वेळात कुठेतरी थांबता आलं पाहिजे.

इथे तुमचा संबंध येतो. तुम्ही गोंडवाना विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात असाल, नाहीतर नागपूरला रूम करून राहत असाल. परीक्षा संपल्यावर गावी येता. 'अरे, आमच्या पोराला जरा शिकव ना' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपण काय करतो? पुढच्या वर्गाचं पुस्तक उघडतो आणि पहिल्या धड्यापासून सुरू करतो. तिथेच गडबड होते.

बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात 'प्रथम' या संस्थेने सरकारी शिक्षकांसोबत महिनाभराचे वाचनवर्ग घेतले. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्या गटाने ते अभ्यासले, आणि मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली. भर साध्या वाचनावर होता, आणि पद्धतही साधी. मूल कितवीत आहे हे विसरायचं, त्याला काय वाचता येतं ते पाहायचं. अक्षरं ओळखणारी मुलं एकत्र, गोष्ट वाचणारी दुसरीकडे. पाचवीतला मुलगा शब्दांवर अडखळत असेल, तर त्याला सहावीचं पुस्तक देणं हा अभ्यासही नाही आणि आरामही नाही.

हे करायला पैसा लागत नाही. सकाळी साडेसहा ते आठ, समाजमंदिर किंवा कुणाचाही ओटा. एक तास वाचन, अर्धा तास खेळ. साडेआठला सगळे घरी. दुपारी अकरा ते चार पूर्ण मोकळे. त्या वेळात कुणी झोपलं, लोळलं, कंटाळलं तरी चालेल, गृहपाठ द्यायचा नाही. ४५ अंशांत पत्र्याच्या घरात बसलेल्या मुलाकडून पाढे म्हणवून घेणं मला तरी क्रूर वाटतं. लहान भावंडाला सांभाळणारी मुलगी भावंडाला घेऊनच येईल. येऊ द्या, नाहीतर ती येणारच नाही.

तारखा मात्र नीट धरा. ऐन तेंदूपत्त्यात सकाळचे हे दोन तास मुख्यतः मुलांना जंगलापासून लांब ठेवण्यासाठीच. तेव्हा दहातली चार आली तरी पुष्कळ. खरी सुट्टी पानं संपल्यावर सुरू होते, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू होईपर्यंत. हातात येतात ते तीन आठवडे. तुमचा निकाल तोवर लागलेला नसतो, आणि नाक्यावर तरी असं काय चाललेलं असतं?