तारांचे व्याकरण

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लेखणी धरावी, सोल्डरिंग आयर्न धरणे हे आय.टी.आय.च्या मुलांचे काम, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ही समजूत आपण टाकून द्यावी, असे मला सांगावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतो ते सिंथेसायझरच्या पेटीतील तारांचे. विषय क्षुल्लक वाटेल. पण क्षुल्लक वाटणाऱ्या कामातच माणसाची शिस्त दिसते.

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या आंदोलनांतून नाद घडविणारे वाद्य. ते आपल्याला अगदी परके नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर बसविला गेला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली अशाच यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली. या वाद्याचा एक प्रकार सुट्या पेट्यांचा असतो. एक पेटी स्वर निर्माण करते, दुसरी त्याचा कर्कशपणा गाळते, तिसरी त्याला लहानमोठा करते. अशी एखादी पेटी घरी बनविता येते.

मी व माझ्या दोन मित्रांनी दिवाळीच्या सुटीत ती बनविली. 40106 या एका चिपमध्ये सहा दारे असतात. प्रत्येक दाराला एक रोधक व एक संधारक जोडला की स्वर निघतो. तानपुऱ्याच्या तारा चार, म्हणून आम्ही चार दारे वापरली. उरलेल्या दोन दारांची प्रवेशटोके ऋण टोकाला बांधली. पट्टीवरचे काम एका संध्याकाळी संपले. पट्टीपासून दर्शनी पत्र्यावरील बटणांपर्यंत तारा नेण्यास मात्र तीन दिवस लागले, आणि खरे शिक्षण त्या तीन दिवसांतच झाले.

नियम साधे आहेत, पण प्रत्येकामागे कारण आहे. धन टोकाला तांबडी तार, ऋण टोकाला काळी, आणि प्रत्येक स्वराला स्वतःचा एक रंग. म्हणजे तार कोठून आली हे शोधावे लागत नाही. हलणाऱ्या भागाकडे जाणारी तार अनेक पदरी असावी, कारण एकपदरी तार वारंवार वाकविल्यास तुटते. तारेवरचे आवरण तीन-चार मिलिमीटरच सोलावे. जास्त सोलल्यास उघडी तार शेजारणीला चिकटते. तार ताणून बसवू नये. पत्रा वहीच्या पानासारखा उघडता यावा, एवढा झोळ ठेवावा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूस जोडणीचा नकाशा चिकटवावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुबक म्हणजे केवळ देखणे नव्हे. सगळ्या तारा एकत्र करून सरळ रेषेत आवळल्या, तर छायाचित्र छान येईल. पण एका स्वराची तार दुसऱ्या स्वराच्या नाजूक प्रवेशटोकाला लागून दूरवर धावली, तर पहिल्याचा आवाज दुसऱ्यात झिरपतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या तारा वेगळ्या न्याव्यात, नाजूक तारा आखूड ठेवाव्यात, आणि ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडावे. कोणाला जवळ ठेवावे व कोणाला दूर, हा विचार सुबकपणाच्या पोटात आहे. वाक्यात शब्दांचे स्थान ठरविताना आपण दुसरे काय करतो?

सोलापूरकराला हे नव्याने शिकवावे लागू नये. ज्याने चादरीच्या मागावरचा जॅकार्ड पाहिला आहे, त्याला ठाऊक आहे की वरून उतरणारी प्रत्येक दोरी फळीच्या आपापल्या भोकातूनच जाते. एक दोरी चुकली की नक्षीत दोष उमटतो, आणि तो त्या नक्षीबरोबर पुनःपुन्हा उमटत राहतो. माझे आजोबा यंत्रमागावर होते. आमची पेटी पाहून त्यांनी मेण लावलेला सुती दोरा दिला व तारांच्या जुड्या ठराविक अंतरावर गाठी मारून बांधावयास सांगितले. प्लॅस्टिकचे पट्टे 1958 साली निघाले; त्यापूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तारा अशाच मेणदोऱ्याने बांधीत, हे मला नंतर वाचनात आढळले. आजोबांनी ते वाचलेले नव्हते.

कोणी म्हणेल, पेटी बंद झाल्यावर आत कोण पाहतो? उत्तर असे की, ती बिघडल्यावर उघडणारा पाहतो. एका संमेलनात भाड्याने आणलेले ध्वनिमिश्रणाचे यंत्र ऐन गाण्यात मुके झाले. उघडले तर आत एकाच रंगाच्या तारांचा गुंता! तुटलेला सांधा बहुधा एकच असेल, पण तो शोधावयाचा कसा? गाणारी मुलगी तशीच परत गेली. ज्याने ती जोडणी केली, त्याने आपल्यामागून येणाऱ्या माणसाचा विचारच केला नव्हता. सुवाच्य अक्षर आपण स्वतःसाठी काढीत नाही, वाचणाऱ्यासाठी काढतो. तारांचेही तसेच आहे.

म्हणून प्राध्यापकवर्गास माझी विनंती आहे. महाविद्यालयात एक टेबल, दोन सोल्डरिंग आयर्न आणि रंगीत तारांची काही रिळे एवढी सोय व्हावी. शहरात मागाची, दुरुस्तीची कामे जाणणारी वडीलधारी माणसे आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा सन्मानाने बोलवावे. वाणिज्य वा विज्ञान शाखेशी स्पर्धा करावी म्हणून मी हे सुचवीत नाही. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा अशी जी भिंत आपण मनात बांधली आहे, तिला एक दार पडावे, एवढाच माझा हेतू आहे.