घाम नाही, म्हणजे उकडत नाही?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या महिला मंडळातर्फे अकोल्यातल्या एका घरी चाकाची खुर्ची द्यायला गेले होते. पंचविशीचा मुलगा, झाडावरून पडून मानेतल्या मज्जारज्जूला इजा झालेली. वर पत्रे, त्यात वीज गेलेली. चेहरा लालबुंद, तरी अंगावर चादर!

"ताई, चादर कशाला?" मी विचारलं.

"त्याला कुठं उकडतंय? घामाचा थेंब नाही बघा," त्याची आई म्हणाली.

थर्मामीटर लावला, तर १०२! डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून चादर काढली, ओल्या पंचानं अंग पुसत पुठ्ठ्यानं वारा घातला. तासाभरात पारा उतरला.

त्या माउलीचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शरीराचं तापमान सांभाळतो तो मेंदूतला हायपोथॅलॅमस. घाम आणायचे, कापरं भरवायचे त्याचे हुकूम मज्जारज्जूच्या वाटेनं जातात. वाटच तुटली, की इजेच्या खाली ना घाम, ना कापरं. घरात जेवढं तापेल, तेवढं अंग तापतं. थंडीत तसंच गारठतं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाचं तापमान अर्धा अंश वाढलं, तरी नजर अंधूक होऊ शकते, पाय गळून जातात. पार्किन्सन्समध्ये कुणाला घामाच्या धारा, तर कुणाला घाम कमी. शिवाय काही औषधांनीही घाम आटतो.

आणि आपण काय म्हणतो? "मघाशी तर गरम होत होतं, आता थंडी? नुसते नखरे!"

मैत्रिणींनो, हे नखरे नाहीत, आजार आहे. अशा घरात थर्मामीटर हवाच. हात लावून अंदाज नको. उन्हाळ्यात ओला पंचा, पाण्याचा फवारा जवळ ठेवा. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळतही नाही. मात्र प्रत्येक ताप उन्हाचाच असंही समजू नका. लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो. पारा लवकर उतरला नाही, तर डॉक्टरांना गाठा.

त्या मुलाच्या घरी जाताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची यादी होती, उन्हाबद्दल अवाक्षर नव्हतं. दवाखान्यांनी त्यावर दोन ओळी मराठीत लिहिल्या, तर काय बिघडेल? एखाद्या आईची चादर वेळेवर निघेल!