टी-शर्ट बघून क्लब निवडू नका!

एफ.ई.चे वर्ग सुरू होऊन आठवडा होत नाही तोच सीनियर्स दारात हजर! हातात फॉर्म, अंगात एकसारखे टी-शर्ट. "आमच्या क्लबमध्ये या. लीडरशिप शिकाल, समाजसेवा होईल, सीव्हीत एक ओळ वाढेल!"

मीही तीन वर्षांपूर्वी असाच एका क्लबमध्ये शिरलो. टी-शर्ट खरंच छान होता. वर्षात एकदा आम्ही झाडं लावली. रोपं तीस, आम्ही चाळीस जण आणि फोटो शंभरएक. मे महिन्यात त्याच रस्त्याने गेलो, तर नुसते खड्डे उरले होते. क्लबच्या नावाची पाटी मात्र ताठ उभी! पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्या 'कुणी'मध्ये मीही होतो.

एस.ई.ला मी एनएसएसमध्ये गेलो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, असा तिचा हिशोब. रोटरॅक्ट रोटरीचा, लिओ क्लब लायन्सचा. त्यांचीही नावं मोठी आहेत. पण मित्रांनो, नाव मोठं म्हणून आपल्या कॉलेजातलं युनिट चांगलं, असं काही नसतं. एनएसएसमध्येही नुसती हजेरी लावून तास भरणारे महाभाग मी पाहिलेत.

आमचं शिबिर डिसेंबरात होतं. काम होतं नाल्यावर वनराई बंधारा बांधायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे मोडत थर रचायचे. आम्ही भावी इंजिनियर! गोण्या गच्च भरल्या. त्या गोल होऊन घरंगळायला लागल्या. काठावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "साहेब, गोणी पाऊण भरा. तिला बसायला जागा नको का?" आमच्या ग्रुप लीडरने वाद घातला नाही. आजोबांना खाली बोलावलं आणि पहिला थर त्यांच्या हातून लावून घेतला. लीडरशिपवरची सगळी लेक्चर्स एकीकडे आणि ती पाच मिनिटं एकीकडे!

निघताना आजोबांनी विचारलं, "हा पावसात वाहून जाईल. पुढच्या साली याल ना?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पण पुढच्या वर्षी गेलो. आदल्या वर्षीचा थर वाहून गेला होता, नवा बांधला. या वेळी गोण्या पाऊणच भरल्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फॉर्म भरण्यापूर्वी सीनियर्सना तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी केलेलं काम आज कुठे आहे, आणि ते दाखवायला न्याल का? जमलेल्या पैशांचा हिशोब सगळ्यांना बघायला मिळतो का? आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना खुर्च्या लावण्यापलीकडे कोणती जबाबदारी मिळते? उत्तर देताना समोरचा सीनियर अल्बम उघडायला लागला, तर समजून जा!

काही जण म्हणतील, सबमिशन, ओरल्स, केटी यांतून एवढा वेळ आहे कुणाला? खरंय. म्हणूनच तीन क्लबचे तीन टी-शर्ट घेण्यापेक्षा एकच क्लब धरा आणि तिथे टिका. ज्या क्लबमध्ये बी.ई.वाले गेल्यावर काम थांबतं, तिथे लीडर तयार झालेच नाहीत, असं मी म्हणेन.

यंदा मी बी.ई.ला आहे. प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटच्या धावपळीत डिसेंबरात मला जायला जमणार नाही. बंधारा या पावसातही वाहून गेलाच असणार. आजोबा वाट बघतील. एफ.ई.वाल्यांनो, गोण्या शिवायला सुया आणि सुतळी माझ्या रूमवर आहे. केव्हा नेताय?